‘तुझं राहिलं रे’

प्रश्न : ताई, मी एकोणतीस वर्षांचा आहे. घरी होतो तोवर बाबांचा पक्ष तोच माझा पक्ष. पहिलं मत मी त्यांच्यासोबत जाऊन, ते म्हणाले त्यालाच दिलं आणि त्यात काही वावगंही वाटलं नाही. मग नोकरीसाठी शहर सुटलं, सहा जणांचा घट्ट ग्रुप जमला. त्यातला एकजण प्रचंड वाचतो. राजकारणावर तोच बोलतो, आम्ही ऐकतो. दोन-तीन वर्षांत माझी मतं पार उलटली आणि बाबांशी या विषयावर बोलणंच बंद झालं. आता निवडणूक तोंडावर आली आहे. परवा ग्रुपवर पोल आला, ‘कुणाला देणार?’ बघता बघता एकाच नावापुढे पाच खुणा. मग मेसेज, ‘तुझं राहिलं रे.’ मीही तिथेच खूण केली. खरं सांगायचं तर मला समोरच्या पक्षाच्या बाई जास्त लायक वाटतात. पण हे मला वाटतंय, की बाबांचा जुना पक्ष माझ्या तोंडून बोलतोय? आणि ग्रुपबरोबर गेलो तर ते तरी माझं मत कसं? यंदा मतदानाला जाऊच नये, असंही मनात येऊन जातं.
— दोन्हीकडचा

उत्तर : मित्रा,

आधी त्या खुणेचं बोलू. पोलवर केलेली खूण म्हणजे दिलेला शब्द नव्हे. काढलीस तरी चालेल, ठेवलीस तरी तिचं कसलंही बंधन तुझ्यावर येत नाही. तुला बोचलंय ते वेगळंच. पाच जणांची नावं आधीच दिसत होती आणि तुझं नाव नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं.

खऱ्या निवडणुकाही पूर्वी अशाच व्हायच्या. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदार चारचौघांत उभा राहून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचा, कारकून ते वहीत टिपून घ्यायचा, आणि पुष्कळ ठिकाणी त्या वह्या छापून विकल्याही जायच्या. कुणी कुणाला मत दिलं, अगदी नावानिशी. जमीनदार ती चाळायचा, मालक चाळायचा, दुकानदाराची गिऱ्हाइकंही चाळायची. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये कायद्यानं गुप्त मतदान आणलं. ब्रिटनला त्यानंतर सोळा वर्षं लागली. गंमत म्हणजे जॉन स्टुअर्ट मिलसारखा स्वातंत्र्याचा कैवारी या गुप्ततेच्या विरोधात होता. मत ही खासगी मालमत्ता नाही, ती समाजानं सोपवलेली जबाबदारी आहे, मग ती लोकांच्या देखतच पार पाडली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. जमीनदारांचा धाक एव्हाना ओसरला आहे, असाही त्याचा होरा होता. त्याचा पहिला मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही, पण धाकाचा हिशेब त्यानं फार स्वस्तात मिटवला. धाक घालायला जमीनदारच लागतो असं थोडंच आहे? ‘तुझं राहिलं रे’ एवढे तीन शब्द पुरतात, आणि लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईटही नसतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा १९५० च्या दशकातला प्रयोग तू कुठे ना कुठे ऐकला असशील. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी, इतकंच मोठ्यानं सांगायचं. शाळकरी पोरही चुकणार नाही. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले. ठरलेल्या फेऱ्यांत ते एकामागून एक, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, सरळसरळ चुकीचं उत्तर द्यायचे. मग पाळी यायची ती न पढवलेल्या एकट्याची. त्या फेऱ्यांमधली साधारण एक तृतीयांश उत्तरं घोळक्यामागे गेली. दर चौघांतले तिघं निदान एकदा तरी वाहवले.

माणूस कसा मेंढरासारखा वागतो हे सांगायला लोक हा प्रयोग काढतात आणि तिथेच थांबतात. ॲशनी त्यात नंतर जे फेरफार करून पाहिले, त्यातले दोन मला जास्त कामाचे वाटतात. उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितलं, तर वाहवणं पुष्कळच कमी झालं. आणि खोलीत दुसरा एक जरी माणूस खरं उत्तर देणारा निघाला, तरी घोळक्याचा जोर एकदम उतरला. फक्त एक. हे दोन्ही लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता तुझा खरा प्रश्न, मत माझं कशावरून?

१९४० मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी लढत होती. रेडिओचे ते भराचे दिवस. प्रचार माणसाचं मन कसं फिरवतो ते प्रत्यक्ष पकडायचं म्हणून समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत तळ ठोकून बसले. त्याच त्या सहाशे माणसांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला भेटायचं आणि विचारायचं, कुणाला देणार, का, मधल्या काळात काही बदललं का. फिरलेली मनं फार थोडी सापडली. बहुतेकांचं आधीच ठरलेलं होतं, प्रचारानं ते आणखी पक्कं झालं. जे डळमळीत होते, शेवटाकडे ठरवत होते, ते मात्र वर्तमानपत्र आणि रेडिओपेक्षा माणसांची नावं घ्यायचे. घरातलं कुणी, कामावरचं कुणी. आपल्या घरात वेगळं मत पडलं असं सांगणारे तर अगदीच मोजके निघाले.

तेव्हा बाबांबरोबर जाऊन पहिलं मत देणारा तू काही जगावेगळा नाहीस. निर्जन बेटावर बसून आपलं मत घडवणारा मतदार अजून कुणाला भेटलेला नाही. प्रत्येकाला ते कुणाकडून तरी आलेलं असतं, आणि येतं तेही बहुधा आग्रहातून येत नाही. कोणत्या बातमीवर बोलायचं, कोणती सोडून द्यायची, कोणत्या नावाला हसायचं, यातून ते झिरपतं. तुझ्या ग्रुपमध्ये ‘अमक्यालाच मत दे’ असं तुला कुणीही म्हटलं नसेल. पण त्या बाईंच्या कामाचा विषय तिथे कधी निघाला होता का, आठवून बघ.

इथे एक गाठ आहे, आणि अभ्यास करणाऱ्यांनाही ती नेहमी छळते. मित्रांमुळे मत बनतं, की मत जुळतं म्हणून मैत्री होते? आपण आपल्यासारख्यांकडे ओढले जातो हे तर उघडच आहे. त्यामुळे सहा मित्रांचं मत एक दिसलं म्हणून एकानं बाकीच्यांना फिरवलं असं होत नाही. तुझंच घे. बाबांच्या छपराखालून निघालेला, स्वतःच्या पगारावर राहायला लागलेला मुलगा. त्याच्या आत काहीतरी आधीच हलायला लागलं असेल आणि म्हणूनच त्याला नेमकी हीच पाच माणसं आवडली असतील. मग मत बदलल्याचा सगळा दोष ग्रुपच्या माथी कसा मारणार? श्रेयही नाही देता येणार.

तुमच्यातल्या त्या वाचणाऱ्याबद्दल थोडं. लाझर्सफेल्डना असे लोक प्रत्येक थरात भेटले. ते पुढारी नसतात, श्रीमंत किंवा प्रतिष्ठितही असावे लागत नाहीत. कुठल्याही कामधंद्यात, कुठल्याही टोळक्यात एखादा असतो जो इतरांपेक्षा जास्त वाचतो-ऐकतो, आणि बातमी त्याच्याकडून पुढे जाते. पुढे एलिहू कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड यांनी इलिनॉयमधल्या डीकेटर शहरात बायकांशी बोलून १९५५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की हा माणूस विषयागणिक बदलतो. कपड्यांच्या फॅशनबद्दल जिला विचारतात तिला सार्वजनिक प्रश्नांबद्दल विचारतीलच असं नाही. तुमच्या ग्रुपमध्ये मात्र सगळे विषय एकाच्याच गळ्यात पडलेले दिसतात. परराष्ट्र धोरण तोच सांगणार, करांचं तोच सांगणार, आणि तुमच्या भागात दवाखाना का होत नाही हेही तोच.

त्याच्यावर विसंबायची लाज वाटायला नको. सगळे जाहीरनामे आणि सगळी आकडेवारी एकट्यानं वाचायची म्हटली तर नोकरी सोडावी लागेल. पण ज्याच्यावर विसंबायचं त्याला अधूनमधून पारखून घ्यावं. इतक्या दिवसांत तो कधी ‘याबद्दल मला नीट माहीत नाही’ असं म्हणालाय का? आपल्या लाडक्या पक्षाची एखादी चूक त्यानं कुणी न विचारता सांगितली आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो वाचत असेल पुष्कळ, पण तुमच्यापर्यंत येतंय ते त्यानं वेचून ठेवलेलं.

आता त्या बाई. मत कुठून आलं याच्या मुळाशी जायला बघशील तर तळ लागणार नाही. बाबांच्या मागे त्यांचे बाबा आहेत, मित्राच्या मागे त्याचे मित्र. त्यापेक्षा एक कागद घे आणि ग्रुप उघडण्याआधी, एकट्यानं, त्यावर लिही. ज्या पदासाठी ही निवडणूक आहे त्या पदावरच्या माणसाच्या हातात प्रत्यक्षात काय काय असतं? त्यातलं काय या बाई करतील असं मला वाटतं, आणि ते त्यांच्या कोणत्या केलेल्या कामावरून वाटतं? आणि नेमकं काय कळलं तर मी त्यांना मत देणार नाही?

पहिला प्रश्न सोपा दिसतो, पण बहुतेकांची तिथेच पंचाईत होते. ज्या गोष्टीवरून रात्र रात्र वाद चालतो ती त्या पदाच्या अखत्यारीतच नसते. शेवटच्या प्रश्नावर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालव. त्याचं उत्तर सुचलं, म्हणजे खरोखर घडू शकेल असं उत्तर, ‘आकाश कोसळलं तर’ छापाचं नव्हे, तर ते मत तुझं झालं. बाबांचंही तेच असेल, म्हणून ते तुझं व्हायचं थांबत नाही. ‘काहीही कळलं तरी यांनाच देणार’ असं आतून आलं, तर समजायचं की तिथे बाबा बसलेत. मग हाच कागद ग्रुपच्या उमेदवारासाठी लिही, तितक्याच कडकपणे. कदाचित शेवटी ग्रुपचाच उमेदवार तुला पटेल. तेही चालेल.

यात एक सापळा आहे. ‘मी कुणाच्या प्रभावाखाली नाही’ हे स्वतःला दाखवून द्यायला म्हणून बाईंना मत देऊ नकोस. ग्रुप सांगेल त्याच्या नेमकं उलट वागणाऱ्याचं मतही ग्रुपच ठरवत असतो. असे बाणेदार लोक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना आपण कुणाच्या विरोधात आहोत ते पाठ असतं, आणि कुणाच्या बाजूनं आहोत हे विचारलं की चिडतात.

जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७० च्या दशकात लोकांना एक प्रश्न विचारला होता. समजा, पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे. समोरचा प्रवासी एका वादाच्या विषयावर अमुक एक मत मांडायला लागला. तुम्ही त्याच्याशी बोलाल, की नकोच म्हणाल? आपली बाजू मागे पडते आहे असं ज्यांना वाटतं ते गप्प राहणं पसंत करतात, असा त्यांचा सिद्धांत होता. ते गप्प राहतात म्हणून ती बाजू आहे त्याहून लहान दिसते, आणि ती लहान दिसते म्हणून आणखी काहीजण गप्प होतात. नंतरच्या अभ्यासांमध्ये हा परिणाम त्यांनी मांडला तेवढा जोरकस आढळला नाही. पण तुझ्या पत्रातला पोल मला या सिद्धांताचा छोटा नमुनाच वाटला.

त्याला जोडून आणखी एक. १९८४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी रॉबर्ट हकफेल्ट आणि जॉन स्प्रेग या राज्यशास्त्रज्ञांनी इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहरात लोकांना विचारलं, तुम्ही राजकारणावर कुणाशी बोलता, आणि त्या माणसानं कुणाला मत दिलं? मग त्या माणसांना गाठून त्यांनाच विचारलं. बरेच अंदाज चुकले. आसपासच्या बहुमतापेक्षा ज्याचं मत वेगळं होतं त्याच्याबद्दलचे अंदाज जास्त चुकले. तो आपल्यासारखाच असणार, असं मित्रांनी धरलेलं होतं, आणि त्यानंही ते खोडून काढलेलं नव्हतं.

आता पोल पुन्हा उघड. सहा खुणा आहेत. त्यातली एक खोटी आहे हे तुला छातीठोकपणे सांगता येईल, कारण ती तू केलीस. उरलेल्या पाच खऱ्या आहेत, हे कशावरून? ज्यानं पाचवी केली त्याच्या पुढ्यात आधीच चार होत्या. चौथीच्या आधी तीन होत्या. आणि तुझी सहावी पडल्यावर, मनातून बाईंकडे झुकलेला एखादा असलाच, तर तोही म्हणाला असेल, चला, आपण एकटेच वेडे. तू त्याला जितका दिसत नाहीस तितकाच तोही तुला दिसत नाही.

म्हणून ॲशच्या त्या एका माणसाचा शोध घ्यायचा. ग्रुपवर जाहीरनामा टाकायला जाऊ नकोस. तिथे प्रत्येकजण बाकीच्या चौघांना ऐकू जाईल असं बोलणार. पाचांतला जो दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतो, त्याला एकट्याला गाठ. ‘त्या बाईंबद्दल तुला काय वाटतं?’ एवढं विचार आणि थांब. आपलं मत आधी सांगून मोकळा झालास तर तो एकतर वाद घालेल, नाहीतर तुला बरं वाटावं म्हणून मान हलवेल. दोन्हींचा उपयोग नाही. तो सहमत निघाला नाही तरी बिघडत नाही. समोरासमोर, कुणी ऐकत नसताना, वेगळं मत सांगूनही मैत्री शाबूत राहते, हे कळणंही पुष्कळ आहे.

मतदानाला न जाण्याचा विचार मला सगळ्यात कमी आवडला. आणि बघ, तुझ्या सगळ्या विचारांत तोच सर्वांत कमी तुझा आहे. ईरी काउंटीतही हे दिसलं होतं, आणि पुढे १९४८ च्या निवडणुकीत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा शहरात झालेल्या अभ्यासातही. एकाच वेळी दोन बाजूंनी ओढले जाणारे मतदार निर्णय लांबवत राहतात, त्यांचा निवडणुकीतला रस कमी होत जातो. डायना मट्झ या अभ्यासक बाईंनी २००० नंतर हे आणखी नेमकं मांडलं. वेगळ्या मताच्या माणसांत ऊठबस असणाऱ्याला दुसऱ्या बाजूची कारणं जास्त चांगली सांगता येतात, तो जास्त सहिष्णू असतो. पण तोच राजकारणात भाग कमी घेतो. एक तर त्याच्याच मनात दुविधा असते, आणि दुसरं म्हणजे कुणालातरी दुखवण्यापेक्षा लांब राहिलेलं बरं वाटतं. म्हणजे दोन्ही बाजू समजणारा घरात बसणार, आणि ज्याला एकच बाजू ठाऊक आहे तो सकाळी सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहणार. तुझ्या वडिलांचं जग आणि तुझ्या मित्रांचं जग, दोन्ही तू आतून पाहिलंयस. तूच गेला नाहीस तर जायचं कुणी?

शिवाय तुझं न जाणं तुझ्यापुरतं राहणारही नाही. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड निकरसन यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हर आणि मिनियापोलिस या शहरांत दोन-दोन मतदार असलेल्या घरांची दारं ठोठावली. काही घरांत मतदान करा असं सांगितलं, काहींत वेगळ्याच विषयाचा निरोप दिला. ज्यानं दार उघडलं त्याच्यावर जेवढा परिणाम झाला, त्याचा साधारण ६० टक्के भाग घरातल्या दुसऱ्या माणसातही उतरला. तो तर दाराशी आलाही नव्हता. २०१० मध्ये फेसबुकवर सुमारे ६.१ कोटी लोकांवर असाच एक प्रयोग झाला. ‘आज मतदान करा’ या कोऱ्या संदेशाचा परिणाम जवळजवळ शून्य. मतदान करून आलेल्या मित्रांचे चेहरे त्यासोबत दाखवले तेव्हा फरक पडला, तोही एका टक्क्याच्या आतच, आणि पसरला तो मुख्यत्वे घनिष्ठ मित्रांमध्ये. कुणाला मत द्यायचं याचा संसर्ग मोजणं अवघड. मत द्यायला जाण्याचा मात्र होतोच. तेव्हा तू जा, आणि जाताना ग्रुपमधल्या सर्वांत आळशी मित्रालाही ओढून ने. तो समोरच्याला मत देऊन तुझं फिटंफाट करेल. करू दे.

ग्रुपला काय सांगायचं? खूण काढ आणि लिही, ‘मी इथून पुढे मत कुणाला देतो ते सांगणार नाही. चर्चा करायला तयार आहे.’ थोडे दिवस टोमणे येतील. पण मग हा नियम कायमचा पाळायचा. ग्रुपशी मत जुळेल तेव्हा आनंदानं सांगितलंस आणि वेगळं असेल तेवढंच लपवलंस, तर ते लपवणं हीच कबुली होते. जुळत असतानाही न सांगणाऱ्याचं न सांगणंच खरं गुप्त राहतं. आणि हे मी मित्रांपुरतं म्हणते आहे. विचारणारा तुझा वरिष्ठ असेल, तुझी नोकरी किंवा राहती जागा त्याच्या हातात असेल, तर तिथे नियम-बियम बाजूला ठेव, जे बोलून सुटता येईल ते बोल आणि सूट. गुप्त मतदान अशाच माणसांपासून बचाव व्हावा म्हणून आलं. मतदानाच्या आडोशाला तुझ्या हाताकडे बघायला कुणीही नसतं, हे लक्षात असू दे.

राहता राहिले बाबा. त्यांना फोन कर. यंदाच्या उमेदवारांवर बोलू नकोस, दोन वाक्यांत भांडण होईल. त्यांना विचार, ‘बाबा, तुम्ही आयुष्यातलं पहिलं मत कुणाला दिलं होतं, आणि कुणाचं ऐकून?’ इतकी वर्षं तू ज्याला बाबांचा पक्ष म्हणतोयस तो कदाचित त्यांच्या एखाद्या दोस्ताचा निघेल, कामावरच्या एखाद्या वाचणाऱ्याचा निघेल. किंवा त्यांच्याकडे असं एखादं कारण असेल जे त्यांनी तुला कधी सांगितलं नाही, कारण तूही कधी विचारलं नाहीस, नुसता बरोबर गेलास. ते कारण तुझ्या कागदावर टिकतं का ते बघ. टिकलं तर ठेव, नाही टिकलं तर खोड. बाबांना ते कळवायलाच पाहिजे असं नाही.

आणि निकालाच्या दिवशी सांभाळ. बाई निवडून आल्या तर ग्रुपवर उड्या मारायच्या नाहीत, पडल्या तर ‘मला माहीतच होतं’ म्हणायचं नाही. मत गुप्त ठेवायचं ठरवलंस तर ते निकालानंतरही ठेव, कारण त्याच संध्याकाळी ग्रुपवर पुढचा पोल येईल, ‘तुम्ही कुणाला दिलंत?’

तुझी,
ताई